फ्लीटनंतरचे तीन खंड

वऱ्हाडात प्राचीन इतिहासाचा विषय निघाला की एक मत फार ठामपणे मांडले जाते. आमचा जुना इतिहास इंग्रजांनी शोधला, इंग्रजांनीच छापला. गॅझेटियर त्यांची, ताम्रपटांची वाचने त्यांची, आपल्या प्राध्यापकांनी पुढे त्याचे मराठी केले एवढेच. अशा वेळी कोणी वा. वि. मिराशींचे नाव घेतले तर त्याचेही उत्तर ठरलेले असते. मिराशी जन्माने कोकणातले, नोकरीने नागपूरचे, विषयाने संस्कृतचे. अमरावतीला प्राचार्य म्हणून आले आणि गेले, वऱ्हाडाशी त्यांचा संबंध तो काय! शिकलेली माणसे, इतिहास शिकवणारी माणसेही हे बोलतात. म्हणून याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे.

सुरुवात अचलपूरजवळच्या चमक या गावापासून करू. १८६८च्या सुमारास तिथे शेतात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे ताम्रपट सापडले. भोजकट राज्यातले, मधुनदीच्या काठचे चर्मांक गाव राजाच्या मापाने आठ हजार भूमी धरून हजार ब्राह्मणांना दिल्याची ती सनद आहे. चर्मांक म्हणजे आजचे चमक. भोजकट म्हणजे अमरावतीजवळच्या भातकुलीचा परिसर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हा लेख जॉन फेथफुल फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने १८८८ मध्ये ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकेरम’ या सरकारी मालेच्या तिसऱ्या खंडात छापला. फ्लीट मोठा माणूस होता. अक्षर वाचण्यात त्याचा हात धरणारे त्या काळी थोडेच होते, आणि चमकच्या पटाचे त्याचे वाचन आजही हाताशी ठेवावे लागते. इथपर्यंत आमच्या मित्रांचे म्हणणे खरे आहे.

पण याच फ्लीटने या राजाला बसवला कुठे? प्रवरसेनाच्या आईचे नाव प्रभावतीगुप्ता, आणि तिचा बाप महाराजाधिराज देवगुप्त, असे पटात आहे. फ्लीटने हा देवगुप्त म्हणजे सातव्या शतकाच्या अखेरीस मगधावर राज्य करणारा उत्तर गुप्त घराण्यातला देवगुप्त, असे ठरवले. त्यामुळे चमकचा पट आठव्या शतकाच्या आसपास जाऊन पडला. कीलहॉर्नसारखा विद्वान त्याच्या मागून गेला. वाकाटक हे घराणेच्या घराणे सुमारे तीनशे वर्षे पुढे सरकले. वाकाटकांच्या अक्षरांचे वळण पाचव्या शतकाचे आहे असे जर्मन अभ्यासक ब्यूलर सांगत होता, पण फ्लीटच्या शब्दापुढे ते मागे पडले.

ही चूक दुरुस्त झाली १९१२ मध्ये, आणि ती केली का. बा. पाठक यांनी. पुण्यात मिळालेल्या प्रभावतीगुप्तेच्या ताम्रपटात तिच्या माहेरची वंशावळ स्पष्ट दिली आहे. तिचा बाप दुसरा चंद्रगुप्त. म्हणजे देवगुप्त हे त्या थोर गुप्त सम्राटाचेच दुसरे नाव. वऱ्हाडची राणी पाटलिपुत्राच्या सम्राटाची मुलगी होती, आणि नवरा गेल्यावर लहान मुलाच्या नावाने तिने राज्य चालवले, हे त्या एका पटाने उजेडात आणले. व्हिन्सेंट स्मिथने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात वऱ्हाडच्या वाकाटकांवर लेख लिहिला तो १९१४ मध्ये, पाठकांनंतर दोन वर्षांनी. इंग्रज इतिहासकार इथे एका मराठी अभ्यासकाच्या मागून चालला आहे. ज्यांना ‘सगळे इंग्रजांनीच केले’ म्हणायचे आहे त्यांनी ही दोन साले जवळजवळ ठेवून पाहावीत.

आणि गॅझेटियरांचे काय? आल्फ्रेड लायलचे वऱ्हाडचे गॅझेटियर १८७०चे, अकोला जिल्ह्याचे १९१०चे, अमरावतीचे १९११चे. त्यांचे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. पण मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या कोरीव लेखांची पहिली नीट सूची १९१६ मध्ये ज्यांनी केली ते रायबहादूर हिरालाल कटनीचे होते. हाताखालच्या माणसाचे काम वरच्या साहेबाच्या नावावर मांडायची सवय आपण किती दिवस ठेवणार?

याच्या उलट टोकाचे एक मत अलीकडे जोर धरते आहे. इंग्रजांनी आमचा इतिहास मुद्दाम तीनशे वर्षे पुढे ढकलला, आमचे वैभव दडवले. हेही मला मान्य नाही. फ्लीटने दडवले काहीच नाही. मूळ लेख, ठसे, अक्षरांचे वर्णन असे सारे त्याने जगापुढे मांडले, म्हणूनच पुढच्या माणसाला त्याची चूक दाखवता आली. त्याच्यापुढे पुण्याचा पट नव्हता. पुरावा कमी होता आणि तर्क चुकला. याला कट म्हणणे म्हणजे पाठकांच्या आणि मिराशींच्या कामाची किंमत कमी करणे होय. कारण पुराव्यासमोर दुसरा, जास्त पक्का पुरावा ठेवून त्यांनी हे काम केले. नुसत्या रागावर ते झालेले नाही.

आता मिराशींकडे येतो. वासुदेव विष्णू मिराशी यांचा जन्म १३ मार्च १८९३ रोजी देवगडजवळच्या कुवळे गावी झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात ते संस्कृत शिकवत, पुढे तिथेच प्राचार्य झाले, आणि सरकारी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्य होते. हे महाविद्यालय १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज म्हणून उघडले. अमरावतीकरांना त्या इमारतीची ओळख करून द्यायला नको. पण तिथे एकेकाळी कोण बसत असे, याची आठवण आज गावात फारशी निघत नाही.

१९३९ मध्ये वाशीमला ताम्रपट मिळाले. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. जिल्हा वेगळा झाला तो १९९८ मध्ये. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी या पटांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, आणि मिराशींनी त्यांचा पूर्ण अर्थ लावला. पट वत्सगुल्म या राजधानीतून, दुसरा विंध्यशक्ती या राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षी दिलेला आहे. वत्सगुल्म म्हणजे वाशीम. वंशावळीचा भाग संस्कृतात आणि दानाचा भाग प्राकृतात आहे. वंशावळीत पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा म्हणून सर्वसेन हे नाव येते, आणि हे नाव तोपर्यंत वाकाटकांच्या एकाही ज्ञात यादीत नव्हते.

मिराशी इथे थांबले असते तर एक नवे नाव यादीत चढले असते, बस्स. ते अजिंठ्याला गेले. सोळाव्या लेण्यातला हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख ब्यूलरने १८८३ मध्ये प्रसिद्ध केला होता. दगड झिजलेला, काही नावे अर्धी गेलेली. ब्यूलरने त्या जागी मुख्य शाखेतली माहीत असलेली नावे धरली होती. वाशीमचा पट हाती आल्यावर मिराशींनी तोच दगड पुन्हा वाचला आणि त्या जागी सर्वसेन, विंध्यसेन ही नावे आहेत हे दाखवून दिले. १९४१ मध्ये हे वाचन हैदराबादच्या पुरातत्त्व मालेत आले, आणि वाकाटकांच्या इतिहासाचा सांगाडाच बदलला. एक घराणे दोन शाखांत वाटले गेले होते. एक रामटेकजवळच्या नंदिवर्धनाकडची, दुसरी वाशीमची. अजिंठ्याची जगप्रसिद्ध चित्रे ज्या काळात रंगली तो हरिषेण वाशीमच्या शाखेचा. पॅरिसहून, टोकियोहून माणसे ज्या भिंती पाहायला येतात त्या भिंतींमागची राजसत्ता आपल्या वाशीमची होती!

यात कोणत्या इंग्रजाचे भाषांतर आहे? वऱ्हाडच्या मातीतून निघालेल्या पत्र्याच्या आधाराने, ज्याच्या शब्दाला जगभर मान होता अशा ब्यूलरचे वाचन एका मराठी प्राध्यापकाने सुधारले, आणि जगाने ते मान्य केले. हे उसने ज्ञान म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला या सगळ्यात निर्णायक वाटते. ज्या सरकारी मालेच्या तिसऱ्या खंडात फ्लीटने चमकचा पट छापला त्याच मालेचे चौथा, पाचवा आणि सहावा असे तीन खंड एकट्या मिराशींचे आहेत. कलचुरि-चेदि संवताचे लेख १९५५ मध्ये, वाकाटकांचे १९६३ मध्ये, शिलाहारांचे १९७७ मध्ये. पाचव्या खंडात चमकचा पट पुन्हा संपादित झाला आहे, फ्लीटच्या वाचनाशी पाठ-पाठ ताडून. मिराशींचे काम ज्यांना तपासायचे आहे त्यांनी तिसरा आणि पाचवा हे दोन खंड शेजारी उघडावेत. जिथे फ्लीट बरोबर आहे तिथे मिराशी तसे म्हणतात. जिथे नाही तिथे कारणासह सांगतात. वृत्तपत्रातला वाद आणि संशोधनातला वाद यांत फरक कुठे असतो ते तिथे दिसते.

तीन खंडांच्या सालांकडेही पाहा. तिन्ही निवृत्तीनंतरची. शेवटचा आला तेव्हा मिराशी चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांवरचा त्यांचा मराठी ग्रंथ १९७९चा. ‘प्राचार्य झाले, निवृत्त झाले’ या वाक्यात हा माणूस मावत नाही.

प्राचार्य किंवा हेडमास्तर म्हटले की आपल्याकडे वेळापत्रक, शिस्त, अनुदान, तपासणी एवढेच डोळ्यांपुढे येते. इंग्लंडात रग्बीच्या शाळेचा हेडमास्तर थॉमस अर्नोल्ड रोमचा इतिहास लिहीत होता आणि १८४१ मध्ये ऑक्सफर्डला इतिहासाचा प्राध्यापकही झाला. त्याचे वाचक त्याची दोन्ही कामे एका दमात सांगतात. आपल्याकडेही हे नवे नव्हते. अकोल्याच्या हायस्कुलाचे हेडमास्तर राहिलेले वि. मो. महाजनी शेक्सपिअरची नाटके मराठीत आणत होते, आणि १९०७ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. शाळा-कॉलेज चालवणारा माणूस विद्येतही पहिल्या रांगेत असतो, ही वऱ्हाडाची जुनी रीत. ती आपण विसरलो, त्याचा दोष मिराशींच्या खुर्चीला कशाला?

‘बाहेरचे’ या आक्षेपाला तर मी आक्षेपच मानत नाही. वाशीमच्या राजाचे नाव ज्याने परत मिळवून दिले तो कुवळ्याचा की कारंज्याचा, हे विचारणाऱ्याने आधी सांगावे की वऱ्हाडातल्या किती जणांनी तो पट उघडून वाचला.

तरीही काही जाणकार एक गंभीर शंका घेतात, आणि तिला उत्तर देणे भाग आहे. मिराशींनी वाकाटकांना विदर्भाचे ठरवले ते प्रादेशिक अभिमानातून, असे ते म्हणतात. काशीप्रसाद जायसवाल यांनी १९३३ मध्ये वाकाटकांचे मूळ बुंदेलखंडात नेले होते. मिराशींनी ते खोडून काढले म्हणून ही शंका. पण मिराशींचा युक्तिवाद काय होता? वाशीमच्या पटातली हारितीपुत्र, धर्ममहाराज ही बिरुदे दक्षिणेतल्या राजघराण्यांत आढळतात. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपावरच्या एका लेखात वाकाटक नावाच्या गृहस्थाचा उल्लेख आहे. म्हणून या घराण्याचे मूळ दक्षिणेत शोधले पाहिजे. ज्याला वऱ्हाडाचा डंका वाजवायचा आहे तो घराण्याचे मूळ वऱ्हाडाच्याही खाली कशाला नेईल? आंध्राच्या अमरावतीचा लेख आपल्या अमरावतीचा म्हणून खपवण्याची चूक काही उत्साही वक्ते आजही करतात. मिराशींच्या हातून ती कधी झाली नाही.

मिराशींचे सगळे टिकले असे मी म्हणत नाही. दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार, हे त्यांचे मत होते. रामटेकजवळ मनसरला उत्खनन झाल्यावर बरेच अभ्यासक प्रवरपूर तिथे शोधू लागले. वाकाटकांनी नाणी पाडली नाहीत असे मिराशी म्हणत. अजयमित्र शास्त्रींसारख्या अभ्यासकांनी नंतर नाणी पुढे आणली. वाशीमजवळ हिस्से-बोराळ्याला देवसेन राजाच्या काळचा शके ३८० चा लेख मिळाला आणि कालगणनेला नवा खुंटा मिळाला. हे सारे घडले यात मिराशींचा पराभव नाही. त्यांनी पुरावा उघडा ठेवला होता, म्हणून त्यांच्यानंतरच्यांना पुढे जाता आले. फ्लीटला जो न्याय लावला तोच मी मिराशींना लावतो.

आता सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा. पुष्कळ तरुण अभ्यासक म्हणतात, ही दानपत्रे म्हणजे ब्राह्मणांना दिलेल्या जमिनींचे कागद. राजे आणि पुरोहित यांच्या या व्यवहारात कुणब्याचे, माळ्याचे, महाराचे काय? हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, आणि म्हणूनच त्याचे उत्तर ‘हे कागद बाजूला ठेवा’ असे असू शकत नाही. चमकच्या पटात गावाला कशाकशातून सूट दिली याची लांब यादी आहे. गावात सैनिकांनी शिरू नये. अधिकाऱ्यांना बैल, दूध, फुले द्यावी लागू नयेत. बसायला कातडे आणि जाळायला कोळसा मागू नये. मीठ खणण्यावरचा राजाचा हक्क नको. वेठबिगार नको. ही वाकाटकांच्या सनदांतली ठरावीक शब्दावली आहे हे खरे. पण सूट दिली जाते ती आधी वसूल होणाऱ्या गोष्टीची. म्हणजे ज्या शेकडो गावांना सूट नव्हती तिथे पंधराशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडी माणसाकडून हे सारे घेतले जात होते. त्याचा बैल, त्याचे दूध, त्याचे अंगमेहनतीचे दिवस. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात राहणाऱ्याला मिठाच्या त्या उल्लेखापाशी थांबावेसे वाटेल. सामान्य माणसाचे नाव या पत्र्यावर नाही, पण त्याच्यावरचा भार इथे शब्दाशब्दाने नोंदला आहे. दुसरीकडे कुठे तो मिळणार?

त्याच पटात दान घेणाऱ्यांवरही अटी आहेत. राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी-व्यभिचार करायचा नाही, दुसऱ्या गावांशी लढाई करायची नाही. केल्यास राजा जमीन काढून घेईल आणि ते चोरी ठरणार नाही. असा करार वाचल्यावर त्या काळची सत्ता आणि पुरोहित यांचे नाते किती सावध होते ते कळते. भोळ्या भक्तीने दिलेले दान एवढ्यावर हा विषय संपवता येत नाही.

मिराशींचा ओढा राजवंश, कालनिर्णय आणि वाङ्मय यांकडे जास्त होता, हे मान्य. गावाच्या अंगाने हे लेख वाचण्याचे काम रामशरण शर्मा यांच्या १९६५ मधल्या ‘इंडियन फ्युडॅलिझम’ या ग्रंथासारख्या लेखनाने पुढे नेले. परंतु त्या वाचनाला पक्का पाठ लागतो, आणि वाकाटकांच्या लेखांचा तो पाठ एका जागी मिळतो तो मिराशींच्या पाचव्या खंडात. पायाचा दगड कमी लेखून वरचा मजला बांधता येत नाही.

भाषेचीही एक गोष्ट सांगतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आनंद झाला, मिरवणुका निघाल्या, भाषणे झाली. मराठीच्या प्राचीनतेचा दावा महाराष्ट्री प्राकृतावर उभा आहे. त्या प्राकृतातले ‘सेतुबंध’ हे महाकाव्य प्रवरसेनाच्या नावावर आहे, त्याच चमकच्या पटातल्या राजाच्या. ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य सर्वसेनाचे, ज्याचे नाव वाशीमच्या पत्र्याने परत दिले. पुढच्या काव्यशास्त्रकारांनी त्याचा गौरव केला आहे. वाकाटकांच्या या वाङ्मयाचा विचार मिराशींनी ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ या १९५७च्या पुस्तकात सोप्या मराठीत मांडला. अभिजाततेच्या सोहळ्यांत वाशीम आणि चमक ही दोन नावे किती वेळा ऐकू आली? मला तरी ती फार थोडी आली.

रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. रिद्धपूर महानुभावांचे, लीळाचरित्राच्या स्मृतीचे गाव म्हणून सर्वांना ठाऊक आहे आणि तसे ते असलेच पाहिजे. याच रिद्धपूरला प्रभावतीगुप्तेचा दुसरा ताम्रपट सापडला, प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षाचा. म्हणजे गोविंदप्रभूंच्या आठशे वर्षे आधी या गावाच्या मातीत एका राणीची सनद पडून होती. विद्यापीठाने एक काम लगेच हाती घ्यावे अशी माझी विनंती आहे. चमक, रिद्धपूर आणि वाशीमचे पट, हिस्से-बोराळ्याचा लेख असे वऱ्हाडातले वाकाटक लेख मूळ पाठ आणि मराठी अर्थासह एका स्वस्त पुस्तकात छापावेत. पाठ मिराशींचा घ्यावा, आणि नंतर जिथे दुरुस्ती झाली तिथे ती नोंदवावी. अमरावती, अकोला, वाशीमच्या प्रत्येक माध्यमिक शाळेत त्याच्या दोन-दोन प्रती पोचाव्यात. इतिहासाच्या शिक्षकांनी मुलांना एकदा तरी चमकच्या शेतापर्यंत आणि वाशीमपर्यंत न्यावे, आणि फ्लीटची चूक व तिची दुरुस्ती दोन्ही सांगावीत. आणि ज्यांना अजूनही वाटते की वऱ्हाडाचा इतिहास इंग्रजांनी दिला, त्यांनी वाद घालण्याआधी मालेचा तिसरा आणि पाचवा खंड वाचून यावे.